तळ्याचा रंग राखाडी

गावाचं नाव सांगणार नाही. माझी अजून सहा वर्षं नोकरी शिल्लक आहे आणि आमच्या खात्यात जुन्या फायली मरत नाहीत, नुसत्या झोपतात. केजपासून जीपनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या उतरणीला एक गाव आहे, एवढं पुरे. ज्यांना ओळख पटेल त्यांनी गालातल्या गालात हसावं आणि गप्प बसावं.

मी ग्रामसेवक. शहरातल्या वाचकांना हा प्राणी नीट माहीत नसतो. ते आम्हाला तलाठी समजतात, आणि हे तलाठ्याला कळलं की तो रागावतो. फरक सोपा आहे. तलाठी जमिनीचा, ग्रामसेवक माणसांचा. शेत कुणाचं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, ते तलाठी सांगणार. जन्मलं कोण, गेलं कोण, नळाला पाणी का नाही, कुठल्या खांबावरचा दिवा गेला, ग्रामसभेत कोण काय बोललं आणि त्यातलं लिहिण्यासारखं किती, हे माझ्याकडे. गाव मात्र दोघांनाही ‘भाऊसाहेब’च म्हणतं आणि दोघांवरही सारखाच संशय घेतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो ‘ना हरकत’ दाखला. घर बांधायचंय, ना हरकत. गिरणी टाकायचीय, ना हरकत. एकदा एक गृहस्थ सकाळी सकाळी आले आणि टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, “भाऊसाहेब, मला हरकत दाखला पायजे.”

“ना हरकत?”

“न्हाई. हरकत. सासूबाई कायमच्या ऱ्हायला यायल्यात. ग्रामपंचायतीची हरकत हाय म्हनून लिहून द्या. अन् गोल शिक्का मारा, चौकोनी नको. गोल शिक्क्याला त्या भेत्यात.”

दिला नाही. सासूबाई आल्या, पुढे महिला बचत गटाच्या अध्यक्ष झाल्या, आणि बैठकीची सतरंजी जावयाकडून अंथरून घ्यायला लागल्या.

पण ग्रामपंचायतीची खरीखुरी हरकत लिहायची पाळी माझ्यावर एकदा आलीच. तीही साध्यासुध्या गोष्टीवर नाही, सबंध राज्यासाठी होऊ घातलेल्या एका कायद्यावर. आणि गंमत अशी की ज्या गोष्टीला हरकत घ्यायची होती, ती मीच घडवून आणली होती. मोठ्या हौसेनं, दिग्दर्शन करून.

आमची ग्रामपंचायत तेव्हा दूध सोसायटीच्या इमारतीत होती. इमारत म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. एका खोलीत दुधाचे कॅन, दुसऱ्या खोलीत मी. सकाळी सहाला ओट्यावर बायाबाप्ये किटल्या घेऊन रांगेत. सोसायटीचा सचिव दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, काचेची ती नळी दुधात डुलायची आणि सगळी रांग श्वास रोखून तिच्याकडे बघायची. नळी फार खाली गेली नाही की म्हैस खरी, नि माणूसही खरा. त्याच रांगेत ग्रामपंचायतीचा अर्धा कारभार उरकायचा. “भाऊसाहेब, आमच्या गल्लीची नाली.” “भाऊसाहेब, पोरीचा दाखला.” मी खिडकीतून हात बाहेर काढून कागद द्यायचो. पुढे मी मोठ्या गावांत गेलो, टाइल्सच्या ऑफिसात बसलो, पंख्याखाली बसलो. पण ताज्या दुधाचा वास येणारी ग्रामपंचायत मला परत मिळाली नाही.

सरपंच होते मन्मथअप्पा. लिंगायत घरातले, किराणा दुकानदार. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंडात कायम खडीसाखर. अप्पा कधी चिडत नसत. गावात दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभी राहिली तरी अप्पा आधी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवत. खडा तोंडात असताना शिवी नीट देता येत नाही, हा त्यांचा शोध.

दुसऱ्या कौसाबाई. सोसायटीच्या संचालक, गावाच्या टोकाच्या बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर. जमीन गुंठाभर नाही. लग्न झाल्यापासून अकरा हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. मग दोन म्हशी आल्या, दूध सोसायटीला जायला लागलं, आणि त्यांनी कोयता आढ्याला खोचून ठेवला. पोरगी केजला हायस्कूलला जायला लागली. कौसाबाई म्हणायच्या, “भाऊसाहेब, लोकाचा सातबारा कपाटात ऱ्हातो, माझा गोठ्यात रवंथ करतो.”

पण जमीन नसलेल्या बाईच्या म्हशी खात काय होत्या? तर तळं.

गावाच्या वरच्या अंगाला एक जुनं तळं आहे. पाऊस बरा झाला तर दिवाळीला भरलेलं, मग हळूहळू मागं सरकणारं. पाणी हटलं की खाली काळा, ओला, लोण्यासारखा गाळ उघडा पडतो. त्यात बी टाकायचं. वरून थेंब नको, गाळातल्या ओलीवर पीक उभं राहतं. याला गाळपेर म्हणतात. चांगल्या वर्षी ही पेर नुसती काठाकाठानं होते. दुष्काळात तळं पार पोटापर्यंत उघडं पडतं, पेरही तिथवर जाते. म्हणजे दुष्काळ जितका मोठा तितकं हे शेत मोठं. एका हातानं मारायचं आणि दुसऱ्या हातानं चोळायचं, असा त्या तळ्याचा स्वभाव.

आणि गावाचा एक रिवाज होता. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला तळ्यात पट्टा नाही. पट्टे फक्त भूमिहीनांना. मोजणी कासऱ्यानं, म्हणजे बैलाच्या लांब दोरानं. घरटी तीन कासरे रुंदी; लांबी पाणी ठरवील तेवढी. पाणी मागं गेलं की पट्टा पुढं जायचा. सोसायटी कडवळाचं, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचं बी द्यायची. वैरण म्हशीला, दूध सोसायटीला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दर साली ग्रामसभेत ठरायचं आणि मी इतिवृत्तात लिहायचो, ‘तळ्याच्या वापराबाबत चर्चा होऊन एकमत झाले.’ तेवढ्या एका ओळीवर तीसेक घरांच्या म्हशी जगत होत्या.

आता माझी करामत.

ते वर्ष सलग तिसरं कोरडं होतं. आमच्या भागात दुष्काळ पडला की पाठोपाठ पाहणी पथकं येतात. पांढरी जीप, हातात फायली, गळ्यात कॅमेरा. पथकाला दुष्काळ नीट दिसला तर टँकर, चारा छावणी, कामं. नाही दिसला तर काही नाही. आणि खरी अडचण अशी की दुष्काळ वीस मिनिटांत दिसत नाही. तो घरात असतो, डब्याच्या तळाला असतो, पोरीच्या थांबलेल्या शाळेत असतो. तो ओढून बाहेर आणून जीपसमोर उभा करावा लागतो. हे काम आमच्या गावात माझ्याकडे होतं. शाळेत असल्यापासून मला नाटकाचं वेड. रंगमंच मिळाला नाही, दुष्काळ मिळाला.

माझा प्रयोग ठरलेला असे. पहिला प्रवेश, कोरडी विहीर. दुसरा प्रवेश, रिकाम्या घागरींची रांग. तिसऱ्यात यायची हरणी. हरणी ही बाबू गवळ्याची गाय. मुळातच बारीक हाडाची, कितीही घाला, बरगड्या मोजून घ्याव्यात. धट्टीकट्टी होती, पण दिसायला अशी की बघणाऱ्याच्या घशात घास अडकावा. तिची कीर्ती पंचक्रोशीत होती. शेजारच्या गावानं पथकाच्या दिवशी ती दोनदा मागून नेली. दुसऱ्या वेळी एक साहेब तिच्याकडे बघत म्हणाले, “ही गाय मी काल कुठेतरी पाहिलीय.” तिथले सरपंच हात जोडून म्हणाले, “दुष्काळात समद्या गायी सारख्याच दिसत्यात साहेब.”

तर संक्रांतीच्या आसपास तालुक्याहून निरोप आला. ‘उद्या पथक येत आहे. सरपंच व ग्रामसेवक यांनी हजर राहावे.’ बस्स. कशाचं पथक, हे त्यात नव्हतं. आणि आम्हीही विचारलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे पथक या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता.

मी कामाला लागलो. अप्पांना बोटातली अंगठी काढायला लावली. चहा बिनदुधाचा करायचा ठरला. दुधाचे कॅन माझ्या खोलीत टेबलाखाली. प्रश्न एकच होता, तळ्याचा. तळ्याच्या एका अंगाला गाळ वाळून ढेकळं-ढेकळं झाला होता, भेगा अशा की हात जावा. पण वळणापलीकडे, पोटात, तीस पट्टे कडवळानं हिरवेगार. साहेबांनी ते पाहिलं तर लिहिणार ‘चारा उपलब्ध’, आणि गावाची छावणी गेली. म्हणून मी ठरवलं की पथकाला बांधाच्या अलीकडच्या टोकावर उभं करायचं, आणि वळणावर माणसांची भिंत.

कौसाबाईंना मी जुनं लुगडं नेसून यायला सांगितलं होतं. त्या चांगली निळी साडी नेसून आल्या.

“अहो बाई, हे काय?”

“फाटकं नेसून सायबापुढं उभी ऱ्हायले तर वस्तीतल्या म्हाताऱ्या मला जित्ती ठिवतील का? अन् भाऊसाहेब, एक इचारू? हिरवं झाकून कावून ठिवता? तेवढंच तर आपल्या हातचं हाय.”

“छावणीसाठी, बाई.”

“छावणी दोन महिन्याची. तळं जलमाचं.”

“तुम्ही फक्त वळणावर उभ्या राहा.”

राहिल्या. माझं ऐकलं त्यांनी. हे वाक्य लिहिताना अजून थोडं टोचतं.

जीप आली. तिघं उतरले. मुख्य साहेब पंचविशी-तिशीचे, चष्मा, खिशात चार रंगांच्या पेन्सिली. हातात नकाशाची गुंडाळी. नकाशा बघून मला शंका यायला हवी होती. दुष्काळाचं पथक नकाशा आणत नाही. पण पडदा वर गेला की दिग्दर्शकाला काही दिसत नाही.

विहीर झाली, घागरी झाल्या. हरणीनं कमाल केली. ऐन वेळी साहेबांसमोर येऊन मान खाली घातली. आम्ही तळ्यावर आलो. साहेबांनी भेगांकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “इथं काय होतं?”

“काय नाही साहेब,” मी आवाज खाली आणून म्हणालो. “गवताची काडी उगवत नाही.”

“पूर्वी?”

“न्हाई,” अप्पा खडीसाखर गालात सरकवून म्हणाले.

“पुढे काही होऊ शकेल?”

“न्हाई साहेब,” मागून पंधरावीस गळे एका सुरात. मी तालमीत एवढं सांगितलंही नव्हतं.

साहेब बांधावर खाली बसले. हातात ढेकूळ घेतलं, चुरून पाहिलं. खरं सांगतो, त्यांचे डोळे भरले होते. पंचनामा लिहिला, आम्ही सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. बिनदुधाचा चहा त्यांनी पूर्ण घेतला. जीपमध्ये बसताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “काळजी करू नका. या जागेचं काहीतरी चांगलं होईल.”

जीप दिसेनाशी झाली आणि ओट्यावर जल्लोष झाला. बाबू गवळ्यानं हरणीला गुळाचा खडा चारला. अप्पा माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमी चुकून सरकारी नोकरीत गेलतात. तुमची जागा तमाशाच्या फडात हाय.” एवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

उन्हाळा लागला तसं एक जाड पाकीट आलं. आत एका नव्या कायद्याचा मसुदा आणि आमच्या गावाचा रंगीत नकाशा. मसुदा असा होता की राज्यातल्या प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला एक वापर ठरवायचा, एक रंग द्यायचा. शेतीला हिरवा, वस्तीला पिवळा, पाण्याला निळा. एकदा रंग बसला की तो बदलायची परवानगी वरून. ग्रामपंचायतीला विचारलं जाईल, पण तिची संमती लागणार नाही. हरकती आणि सूचना तीस दिवसांत.

हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. शहरं वाटेल तशी पसरत होती, चांगल्या काळ्या रानात प्लॉट पडत होते. ते थांबवायचं तर कुणीतरी रेघ मारायलाच हवी. पण गावातली जागा कधी एकाच कामाची असते का? केजला सरपंचांची बैठक भरली तेव्हा त्या हॉलमध्ये याचाच गोंधळ होता. एका सरपंचानं विचारलं, आमच्या मैदानात मंगळवारी बाजार, जत्रेला कुस्त्या, सुगीला खळं, मग रंग कोणता? लिंबागणेशच्या अंगाकडून आलेल्या एका म्हाताऱ्या सरपंचांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आमी निवडून कशाला आलो मग? रंग देनारा तिकडं मुंबईत, अन् पोळ्याला बैल फिरवताना शिव्या खानार आमी.” सगळे हसले. पण हसताना कुणाचे खांदे हलत नव्हते.

आमच्या नकाशात तळं राखाडी होतं. मी बाजूची सूची वाचली. राखाडी म्हणजे ‘पडीक व नापीक, गोदामे व कारखाने यांसाठी उपलब्ध’. आणि शेऱ्याच्या रकान्यात, सुंदर अक्षरात, ‘ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार’.

तेव्हा मला कळलं की ते पथक कशाचं होतं.

ग्रामसभा त्याच ओट्यावर भरली. मी नकाशा भिंतीला टाचला आणि सगळं सांगितलं.  कौसाबाई उठल्या, नकाशाजवळ गेल्या, आणि राखाडी रंगावर बोट ठेवलं.

“हे आपलं तळं?”

“हो.”

“इथं कारखाना व्हईल?”

“होऊ शकतो. कायदा झाला तर.”

“म्हंजी पट्टे गेले.” त्या माझ्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “पट्टा न्हाई तर वैरन न्हाई. वैरन न्हाई तर म्हैस न्हाई. मग भाऊसाहेब, आढ्याचा कोयता खाली काढू का? पोरगी नववीत हाय. उसाच्या फडावर नववी नसती.”

मागून बाबू गवळी म्हणाला, “हरकत टाका ना. सरळ लिहा, तळं हिरवं हाय.”

“अन् पंचनाम्यावरचे आंगठे कुनाचे?” अप्पा म्हणाले. “तुजाच हाय की दुसरा. आपनच सांगितलं ना, काडी उगवत न्हाई. आता हिरवं हाय म्हनायचं तर तवा खोटं बोललो म्हनावं लागतं. छावणीचा कागद अजून वरती पडलाय. तोबी जाईल.”

पेच असा होता. गप्प बसावं तर तळं जातं, बोलावं तर छावणी जाते आणि अब्रूही. अप्पांनी मधला रस्ता सुचवला, ‘नजरचुकीने नोंद झाली’ असं लिहायचं. मी मान डोलावली. आमच्या खात्यात नजरचूक ही सगळ्यात दमदार बैलजोडी. कितीही जड गाडा ओढते.

“कुनाच्या नजरंची?” कौसाबाई म्हणाल्या. “त्या सायबाच्या? त्यानं तर दावलं ते बघितलं. चांगलं होतं ते लेकरू. त्याच्या माथी कावून मारता?”

मी ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं आणि पहिल्यांदा जसं बोललं गेलं तसं लिहिलं.

सुनावणी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न नुकतंच उरकलं होतं. झेंडूच्या माळा लोंबत होत्या, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून की काय, व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच. एका खुर्चीवर मोठे साहेब, दुसरीवर आमचे चष्मेवाले. एरवी यावर मी महिनाभर जगलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

आमच्या गावाचा पुकारा झाला. मी, अप्पा आणि कौसाबाई पुढे गेलो. मोठ्या साहेबांनी पंचनामा वर धरला.

“ह्या सह्या तुमच्या?”

“हो साहेब.”

“मग हरकत कशाची?”

माझ्या खिशात लिहिलेलं निवेदन होतं. काढलं नाही. “साहेब, तळं पडीक नाही. त्या दिवशी वळणापलीकडे तीस पट्टे हिरवे होते. ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी माणसं उभी केली होती. आम्हाला वाटलं, दुष्काळाचं पथक आहे. गाय, घागरी, सगळं मी बसवलेलं होतं. गावाचा दोष नाही. दिग्दर्शन माझं.”

कार्यालयात मागे खसखस पिकली. मोठे साहेब लाल झाले. “म्हणजे शासनाची फसवणूक!”

मी चष्मेवाल्यांकडे बघत होतो. ते चिडले नव्हते. लहान मुलाला कुणी चिडवल्यावर होतो तसा चेहरा झाला होता. हळूच म्हणाले, “मला त्या दिवशी जेवण गेलं नाही हो.”

तीस वर्षांच्या नोकरीत मला मेमो मिळाले, बदल्या झाल्या, एकदा एका पुढाऱ्यानं फाईल अंगावर फेकली. पण एवढं लागेल असं कुणी बोललं नाही.

मग कौसाबाई पुढे झाल्या. “साहेब, येक आयका. नाटक खोटं होतं. दुष्काळ खोटा न्हवता. तुमी जेवला न्हाईत ते वाया गेलं न्हाई, त्या दिशी आमच्यातबी चार घरं जेवली न्हवती. फकस्त ती तुमाला दावली न्हाईत.”

 मोठे साहेब पाणी प्याले. चष्मेवाल्यांनी नकाशा उघडला आणि विचारलं, “मग काय रंग देऊ? शेती म्हणून हिरवा दिला तर जमीन कुणाच्या तरी नावावर मागितली जाईल, आणि पाणी साठवायला अडचण. निळा दिला, जलसाठा म्हणून, तर कारखाना कधीच येणार नाही. पण कायद्यानं आत पेरता येणार नाही.”

“ज्या वर्षी पानी न्हाई त्या वर्षी?” अप्पांनी विचारलं.

“असा रकाना मसुद्यात नाही. दुष्काळाला रंग दिलेला नाही.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी कौसाबाईंकडे. तिथं त्यांच्याशिवाय कुणाला हक्क होता? अप्पांचं दुकान चाललं असतं, माझा पगार आला असता.

कौसाबाईंनी पदर खोचला. “निळा द्या साहेब. पानी असलं तर खरंच हाय. नसलं तर आमी हावोत. पेरत्यांना धरायला कोन येतंय ते आमी बघू. कारखाना एकदा आला की जात न्हाई.”

चष्मेवाल्यांनी निळी पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे राखाडीवर रंगवायला लागले. मग शेऱ्याच्या रकान्यात साध्या शिसपेन्सिलीनं लिहिलं, ‘पाणी नसेल त्या वर्षीचा वापर ग्रामसभा ठरवील.’ मोठे साहेब म्हणाले, पेन्सिलीच्या शेऱ्याला किंमत नसते. चष्मेवाले म्हणाले, “राहू दे सर.”

तो कायदा पुढे आला नाही. आमची हरकत मान्य झाली की फेटाळली गेली, मला कळलं नाही. मसुद्यांचं कुठेतरी एक स्वतःचं गाव असावं, तिथे तो गेला. छावणी उशिरा मिळाली, पण मिळाली. खरं पथक आलं तेव्हा आम्ही भेगाही दाखवल्या आणि कडवळही दाखवलं, आणि त्या साहेबांना दोन्ही एकदम पाहून जरा गोंधळल्यासारखं झालं. हरणीला त्या दिवशी सुट्टी होती. कौसाबाईंची पोरगी दहावी झाली, पुढे शिकली. मन्मथअप्पा आता नाहीत. सोसायटीची इमारत पाडून मोठी केली, ग्रामपंचायत दुसरीकडे गेली. त्या रांगेतले निम्मे चेहरे मला अजून किटलीसकट आठवतात.

मला मात्र वरून कागद आला होता. ‘शासकीय पथकास चुकीचे चित्र का दाखवले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’ मी सरावानं लिहून टाकलं, ‘सदर प्रकार अनवधानाने घडला.’ सकाळी ओट्यावर कौसाबाई दूध घालायला आल्या, तेव्हा विचारलं, “काय लिवलं?” मी वाचून दाखवलं.

“खरं कावून न्हाई लिवलं?”

“खरं काय ते तरी सांगा.”

त्यांनी सांगितलं. मी कागद फाडला, नवा घेतला, आणि त्यांचं वाक्य शुद्ध भाषेत उतरवून खाली सही केली. एक वेतनवाढ रोखली गेली. खुलासा माझ्या सेवापुस्तकात अजून आहे:

‘पथक जमीन पाहायला आले होते. आम्हाला वाटले, आम्हाला पाहायला आले.’